एक मीटर, दोन विहिणी

आमच्या सोसायटीत कुणाच्या मिक्सरचं झाकण बसेना झालं किंवा रिमोट चालेना झाला, की लोक माझं दार वाजवतात. वाजवू देत. फक्त सायकलचा मीटर घेऊन कुणी आलं की मी हात जोडते. गेल्या महिन्यात नात आली नवी सायकल मिरवत. म्हणाली, "आजी, तुझा मीटर माझ्या सायकललाही चालेल ना? लावून दे." म्हटलं, "चालेल. पण लावेल तुझा बाबा. मी लावला तर रिक्षा करून तुला शोधायला निघावं लागेल." पोरीला काही कळलं नाही. तिला सांगितलं ते इथे सगळं लिहिते.

ही गोष्ट मी तरुण होते तेव्हाची. म्हणजे त्रेसष्ट वर्षांची. गुडघे तेव्हा शाबूत होते, आणि आपल्याला सगळं येतं हा समज गुडघ्यांपेक्षा मजबूत होता. सगळी नोकरी वीजबिलाच्या ऑफिसात, मीटरचे आकडे तपासण्यात गेलेली. त्यामुळे 'मीटर' हा शब्द कुणी नुसता उच्चारला तरी तेव्हाच्या त्या बाईची, म्हणजे माझीच, मान ताठ व्हायची. मला आज ती बाई भेटली तर मी तिला आधी खुर्ची देईन, पाणी देईन आणि मग दोन्ही कान पिळीन.

विहीणबाई म्हणजे माझ्या जावयाची आई. मूळच्या साताऱ्याकडच्या, गावातून सायकलवर कॉलेजात जाणारी पहिली मुलगी आपणच, हे त्या दर दिवाळीला सांगायच्या. मी नेरूळला, त्या सीवूड्सला, दोघीही आपापल्या घरात एकट्या. लेक-जावई ऐरोलीला आणि दोघांच्या नोकऱ्या, त्यामुळे तान्ह्या नातीपाशी एक दिवस त्या जायच्या, एक दिवस मी. जिचा दिवस घरचा, तिने त्या सकाळी सायकल चालवायची.

आता मुख्य गोष्ट. आदल्या वर्षी विहीणबाईंना स्टेंट बसवला होता. डॉक्टरांनी सायकलला परवानगी दिली, पण अटी घालून. रस्ता सपाट हवा, चढ नको, वेग बाराच्या वर जाता कामा नये, आणि दम लागला की सरळ खाली उतरायचं. वेग कळणार कसा? म्हणून जावयाने मीटर आणला. एकच.

"दोन कशाला, आई?" तो मला म्हणाला. "तुम्ही दोघी एका दिवशी चालवतच नाही. दोन्ही सायकलींच्या हँडलला मीटरची बैठक लावून देतो, चाकाच्या तारेला चुंबक, दांडीला सेन्सर. मीटर तेवढा इकडून काढायचा, तिकडे खटकन बसवायचा. ह्यात दोन सायकलींची मापं राहतात, एक नंबर आणि दोन नंबर. सायकल बदलली की नंबर बदलायचा, बस. मापं रविवारी मी टाकतो."

"तुम्ही झोपा रविवारी," मी म्हटलं. "रात्रपाळ्या करता. मीटरचं मला सांगू नका."

मीटरचं खरं काम साधं असतं. चाक एकदा फिरलं की चुंबक सेन्सरसमोरून जातो आणि मीटर 'एक फेरी' असं धरतो. एका फेरीत सायकल किती पुढे जाते हे मात्र त्याला आपण सांगायचं. माझी घडीची सायकल, चाकं बुटकी. विहीणबाईंची मोठ्या चाकांची. तेव्हा मापं वेगळी, एवढं त्या बाईला कळत होतं. मापं घेतलीही तिने झकास. टायरवर ओल्या कुंकवाचा ठिपका लावला, विहीणबाईंना सीटवर बसवलं, आणि पार्किंगमधून सायकल सरळ ढकलत नेली. फरशीवर कुंकू जिथे पहिल्यांदा उमटलं तिथून पुन्हा उमटलं तिथपर्यंत शिवणाची टेप धरली. टेप दीडशेवर संपली, म्हणून खडूची खूण करून पुढचं मोजलं. वॉचमन लांबून बघत होता.

"काकी, नवीन गाडी घेतली काय?"

"नाही रे, जुनीच आहे."

"मग पूजा?"

"ह्यांची पूजा," विहीणबाई सीटवरून म्हणाल्या, "मी नुसती मूर्ती."

दोन्ही मापं मी बटणं दाबून मीटरमध्ये भरली. एकही आकडा चुकला नाही, हे मी आजही छातीठोक सांगते. चूक दुसरीकडेच झाली.

विहीणबाई मुलाची आई. मी मुलीची. लग्नात आधी त्यांची ओटी, आधी त्यांचं पान, आधी त्यांची साडी. मग मीटरमध्ये पहिला नंबर कुणाचा? त्यांचा. एक नंबरात त्यांचं चाक घातलं, दोनमध्ये माझं. आणि हे त्यांना सांगितलं नाही. मान दिला की तो बोलून दाखवायचा नाही, पण समोरच्याने तो ओळखून विरघळलं पाहिजे, अशी त्या बाईची अपेक्षा असे. महिना झाला तरी विहीणबाई विरघळल्या नाहीत, म्हणून ती मनातून थोडी फुरंगटलीही होती.

मीटरची देवघेव ऐरोलीच्या फ्रिजवर चालायची. ज्या दिवशी मी नातीपाशी, त्या दिवशी संध्याकाळी मी तो फ्रिजवरून उचलायचा. दुसऱ्या दिवशी सायकल चालवून झाली की लेक कामावरून येताना तो घेऊन जायची आणि पुन्हा तिथे ठेवायची, विहीणबाईंसाठी. देताना मी न चुकता त्यावर एक नंबर लावून द्यायची. आणि मी उचलायची तेव्हाही त्यावर एक नंबरच लावलेला असायचा. म्हणजे सगळं बरोबर चाललंय. मी माझा दोन लावायची आणि निघायची.

पावसाळा सरला तसं विहीणबाईंचं फोनवर वेगळंच सुरू झालं.

"दम लागतो हो," त्या म्हणायच्या. "दहाच्या पुढे आकडा न्यायचा म्हणजे पोटऱ्या भरून येतात. पूर्वी असं नव्हतं."

आता ह्यावर शहाण्या बाईने म्हणावं, मग नका चालवू जोरात. पण तेव्हाची मी काय म्हणाले? "अहो, दहा म्हणजे काहीच नाही. माझा चौदा लागतो." लागला होता. एकदा. सारसोळेकडच्या उतारावर, मागून वारा असताना, डोळा लवेपर्यंत. तो चौदा मी पुढे दीड महिना पुरवून पुरवून वापरला.

विहीणबाई विषय बदलायच्या. मी समजायची, मी जिंकले.

मग जावयाच्या कानावर गेलं. तो घाबरला. दहाच्या वेगालाही आईला दम लागतो, म्हणजे नळी पुन्हा बंद होतेय की काय? त्याने सोमवारची तपासणी ठरवली. आणि आईला सांगून टाकलं, ह्यात काही निघालं तर सायकल त्याच दिवशी भंगारात. विहीणबाईंनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज इतका बारीक होता की मी चौदाचा विषय काढला नाही. तेवढी अक्कल होती.

सोमवारचा आदला दिवस, रविवार. सकाळी गॅसवर दूध ठेवलेलं, विहीणबाईंचा फोन.

"निघतेय मी," त्या म्हणाल्या. "आज पंधरा करून बघणार."

"पंधरा? किलोमीटर?"

"हो. जमले तर उद्या डॉक्टरांच्या तोंडावर सांगते, पंधरा केले, मला काहीही झालेलं नाही. नाही जमले तर सायकल मीच देऊन टाकीन. त्याला भंगारात द्यायला लावणार नाही."

"कुठवर जाणार?"

"पाम बीच रस्त्याने किल्ल्यापर्यंत, तिथून उरण रोड. मीटर साडेसात म्हणेल तिथून मागे फिरायचं."

"वेग सांभाळा."

"बाराच्या आत. शपथ. आणि तुमच्या आकड्यांची काळजी करू नका, तुमचा एक नंबर काढून मी माझा दोन लावलाय. दर वेळी लावते. आणि देताना तुमचा एक परत लावून देते, इकडचं तिकडे होऊ देत नाही."

"काय लावलंत?"

"दोन. मीटर तुम्ही बसवला, पहिला नंबर तुमचाच असणार ना. मला तेवढं कळतं, विहीणबाई." आणि हसून त्यांनी फोन ठेवला.

दूध वर आलं. मी बघत उभी राहिले आणि ते उतू गेलं.

त्यांची मोठी चाकं आणि मीटरला सांगितलेलं माझं बुटकं माप. चाकाच्या प्रत्येक फेरीला मीटर त्यांचं अंतर कापून कापून दाखवत होता. हिशेब मी ओट्याशीच केला, हिशेबाला ती बाई पक्की होती. मीटर तीन दाखवतो तेव्हा खरे चार झालेले असतात. दहा दाखवतो तेव्हा त्या तेराच्या वर असतात. बारा दाखवतो तेव्हा सोळा. ज्या बाईला डॉक्टरने बाराच्या वर जाऊ नको म्हणून बजावलंय, ती दोन महिने सोळाने सायकल हाणतेय आणि मी तिला वर आणखी टोचतेय. आणि आजचे साडेसात म्हणजे खरे दहा, येऊन-जाऊन वीस. साडेसात खाडीपुलाच्या अलीकडे संपले असते. दहा म्हणजे पूल चढून पलीकडे, उलव्याकडे, कंटेनरच्या ट्रेलरांमध्ये. चढ.

फोन लावला. वाजत राहिला. सायकल चालवताना फोन पाऊचमध्ये, आवाज बंद, हा नियमही मीच त्यांना घालून दिलेला, सुरक्षेसाठी.

जावयाला लावला. बंद. रात्रपाळीहून येऊन झोपलेला. लेकीला लावायला बोट उचललं आणि थांबले. ती आधी मला फाडून खाणार आणि मग पुढचं विचारणार, आणि ऐरोलीहून ती येईपर्यंत विहीणबाई पूल उतरलेल्या असणार. गॅस बंद केला, गाऊनवरच ओढणी घेतली आणि खाली पळाले. हो, पळालेच. माझ्या सायकलवरून नाही. चौदाची महाराणी रिक्षांना हात करत वीस मिनिटं गेटबाहेर उभी होती.

रिक्षावाला इथल्याच गावचा, कानावर पेन खोचलेला.

"कुठं जायाचा, आजी?"

"उरण रोड. पुलाकडे. सायकलवर एक बाई दिसेल, निळं हेल्मेट, ती दिसेपर्यंत चल."

"सायकलवर बाई? कोन हाय ती?"

"माझी विहीण."

त्याने आरशातून माझ्या गाऊनकडे पाहिलं. "विहिनीसाठी एवरी धावपल? माझे आईनं तिचे विहिनीला पानी पन नाय विचारला कधी."

"बाबा रे, हार्टची पेशंट आहे ती."

मग तो बोलला नाही. रिक्षा मात्र बोलायला लागली. पाम बीचच्या कडेने जाताना मी प्रत्येक सायकलवाल्याच्या डोक्याकडे बघत होते. लाल हेल्मेट, काळं हेल्मेट, टोपी. चकाकत्या कपड्यांतली तरुण पोरं घोळक्याने जात होती. कडेला एक माणूस पाठमोरा बसलेला दिसला तरी मी रिक्षातून अर्धी बाहेर वाकायची. किल्ल्याचा चौक गेला. सिग्नल लाल, आणि पुढे एकामागे एक ट्रेलर. मी फोन पुन्हा पुन्हा लावत होते. कुणी सांगितलं होतं गं तुला मान द्यायला, मी स्वतःला म्हणत होते. एक तुमचा, दोन माझा, हे तोंडाने सांगायला काय झालं होतं? सोन्याचा तोडा देत होतीस का?

पूल सुरू झाला तरी त्या नाहीत. चढावर रिक्षाचा आवाज जड झाला. आणि अर्ध्या चढावर, कठड्याला टेकवलेली सायकल दिसली. मोठ्या चाकांची. शेजारी कुणी नाही.

"थांब, थांब!"

मी उतरून धावले. सायकलच्या पलीकडे, दिव्याच्या खांबाच्या बुडाशी, हेल्मेट मांडीवर घेऊन विहीणबाई बसल्या होत्या. चेहरा घामाने डबडबलेला, ओठ पांढरे. एक हात छातीवर.

"विहीणबाई!"

त्यांनी वर पाहिलं. मला, गाऊनला, मागच्या रिक्षाला. "अगं बाई," त्या धापा टाकत म्हणाल्या, "तुम्ही अशा का?"

"छातीत दुखतंय?"

"नाही."

"हात का मग तिथे?"

"धडधड मोजतेय."

"डावा हात, जबडा, पाठ? खरं सांगा, मला खोटं नको."

"पोटऱ्या दुखतायत हो. आणि दम. छातीत काही नाही." मग त्यांचे डोळे भरले. "पण नाही जमलं मला. सहाच झाले, बघा. चढाला आठचा आकडा दिसत होता, आठ, आणि जीव नाकाशी आला. माझं हृदय गेलं, विहीणबाई. तो बरोबर म्हणत होता."

रिक्षावाल्याने पाण्याची बाटली पुढे केली. त्या घोट घेत होत्या तेवढ्यात मी मीटरकडे पाहिलं. कोपऱ्यात बारीकसा दोन. मी रस्त्यावर, ट्रेलरच्या धुरात, त्यांच्यासमोर बसले आणि सांगितलं. कुणाचा नंबर कुठला, आणि का.

त्यांनी मीटरकडे पाहिलं. पुलाला हादरे देत दोन ट्रेलर गेले.

"म्हणजे हे सहा..."

"आठ झालेत तुमचे. चढाला आठ दिसत होता तो अकराच्या जवळ होता."

"आणि परवा बारा दिसला होता?"

"सोळा."

"सोळा," त्या म्हणाल्या. भीती त्यांच्या चेहऱ्यावर आली, मी ती नीट पाहिली. हात पुन्हा छातीवर गेला. मग हळूहळू तो हात खाली आला. "सोळाने चालवत होते मी?"

"आता बोलू नका. दवाखान्यात जायचं."

"आणि तुमचा चौदा?"

"उतारावरचा होता तो," मी म्हटलं. "एकदाच."

विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि अशा हसल्या, की मला वाटलं आता मात्र काहीतरी होणार. मी त्यांना दंडाला धरून रिक्षात बसवलं.

सायकल रिक्षात मावणार नव्हती, आणि ती पुलावर टाकून जायला विहीणबाई तयार नव्हत्या. रिक्षावाला त्यांना थेट इस्पितळात घेऊन गेला, जावयाचा फोनही एव्हाना लागला होता, आणि विहीणबाईंची सायकल मी चालवत मागे निघाले. आधी मीटरवर एक नंबर लावला. उतार संपल्यावर सपाट रस्त्यावर आकडा पाहिला. नऊ. दात-ओठ खाल्ले, दहा. त्या सायकलवर ह्या बाई सोळा काढत होत्या, स्टेंट घेऊन. मला जावयाला तोंड दाखवायची भीती वाटत होती, त्यांना काही झालं असेल का ह्याची त्याहून, आणि दर दोन मिनिटांनी मी थांबून फोन बघत होते.

त्यांना रात्रभर ठेवून घेतलं. सोमवारी फिरत्या पट्ट्यावर चालायची तपासणी झाली. जावई बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी बसला होता. त्याने मला चहा आणून दिला. त्यापेक्षा रागाने बोलला असता तर बरं वाटलं असतं. डॉक्टरांना त्याने सगळं सांगितलं, मीटर, नंबर, सोळा. डॉक्टरांनी सगळे कागद पुन्हा एकदा चाळले.

"नळ्या ठीक आहेत," शेवटी ते विहीणबाईंना म्हणाले. "सोळाला दम लागणारच, ह्या वयात तो कुणालाही लागेल. दोन महिने काही झालं नाही हे तुमचं नशीब. परवानगी समजू नका. बारा म्हणजे बारा."

"सायकल?" विहीणबाईंनी विचारलं.

"चालवा. बारा."

जावयाने डोळे मिटून घेतले. मी पदराने काहीतरी पुसल्याचं नाटक केलं.

त्यानंतर नातीसाठी बाई ठेवली आणि आम्ही दोघी एकाच वेळी फिरायला निघू लागलो. जावयाचा तसा हुकूमच होता. मीटर अर्थातच विहीणबाईंच्या सायकलवर, खऱ्या मापावर. पहिल्या दिवशी सीवूड्सच्या मागच्या खाडीरस्त्याला लागलो. त्यांनी तीन-चार पायडल मारले की आकडा बारा व्हायचा आणि त्यांना पाय थांबवावे लागायचे. पुन्हा तीन-चार, पुन्हा थांब. रस्ता रिकामा, वारा छान, आणि त्या मान खाली घालून त्या इवल्याशा काचेकडे बघतायत.

"कळलं नसतं तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या.

"काय बोलता! पुलावर बसला होतात, आठवतंय ना?"

"आठवतंय. पण त्याच्याआधी ह्या रस्त्यावरून मी जी गेलेय ना, विहीणबाई... मला वाटायचं बारा म्हणजे असं असतं. आता कळलं, बारा म्हणजे हे." पुन्हा त्यांनी पाय थांबवले. मग खाली उतरल्या आणि मीटर खटकन काढून माझ्यापुढे धरला. "हा तुमच्या सायकलला लावा. मला बघायचाच नाही. मी अंदाजाने चालवीन."

त्यांचा अंदाज मला माहीत होता.

मी मीटर घेतला, माझ्या हँडलवर बसवला, दोन नंबर लावला. त्या सीटवर चढायच्या आत मी पुढे निघाले आणि त्या चिंचोळ्या रस्त्याच्या बरोबर मधून सायकल घातली. डाव्या हाताला झाडी, उजव्या हाताला कठडा. मीटरवर अकरा दिसत होता, आणि त्याच्यावर जायची माझी ताकद नव्हती, हे आता आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

मागून घंटी वाजली. एकदा, मग दोनदा, मग वाजतच राहिली.

"विहीणबाई, वाट द्या!"

मी ऐकू न आल्यासारखं केलं आणि अकराने चालवत राहिले.